माकडतापाचे वर्षचक्र आणि गोठ्यातील जनावर

पावसाळा सरला की कर्नाटकातील मलनाड भागात सुपारीबागांच्या कामांना वेग येतो. बागेलगतच्या रानातून पाला गोळा करायचा, तो गोठ्यात जनावरांखाली अंथरायचा आणि शेणमुतात मुरल्यावर खत म्हणून पुन्हा बागेत घालायचा, ही तेथील पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. अशा रानाला तेथे ‘सोप्पिन बेट्टा’, म्हणजे पाल्याचा डोंगर, असेच म्हणतात. तळकोकणातील शेतकऱ्याला हे चित्र अनोळखी वाटणार नाही. तोही राबासाठी आणि बागेसाठी रानातला पातेरा वेचून आणतो. मात्र मलनाडमध्ये पाला वेचण्याच्या याच महिन्यांत त्या पाल्यात खसखशीच्या दाण्याएवढी एक गोचीड भक्ष्याची वाट पाहत असते. तिच्या चाव्यातून होणाऱ्या तापाला कन्नडमध्ये ‘मंगन कायिले’ आणि मराठीत ‘माकडताप’ म्हणतात. वैद्यकशास्त्रात त्याचे नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज असे आहे.

या रोगाचा इतिहास आता साडेसहा दशकांहून अधिक जुना आहे. त्यातून मिळालेला सर्वांत उपयुक्त धडा मात्र शेती आणि पशुपालनाशी निगडित आहे. डास व गोचिडी यांच्यामार्फत पसरणाऱ्या रोगांत गोठ्यातील जनावराची भूमिका प्रत्येक वेळी सारखी नसते. ती नेमकी कोणती, हे कळले तरच उपाय योग्य ठिकाणी आणि योग्य वेळी करता येतो.

क्यासनूरच्या रानातील शोध

१९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली. त्याच सुमारास आसपासच्या खेड्यांत तीव्र तापाचे रुग्ण आढळले. माकडांचा मृत्यू आणि माणसांत ताप या जोडीमुळे संशोधकांच्या मनात प्रथम शंका आली ती पीतज्वराची. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत हाहाकार माजवणारा हा डासजन्य रोग भारतात कधीच शिरलेला नव्हता. तो शिरला असता, तर येथील डासांची विपुलता पाहता परिस्थिती फारच गंभीर झाली असती.

तपासाची जबाबदारी पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राकडे आली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्याने १९५२ मध्ये हे केंद्र स्थापन झाले होते. आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था ती हीच. टेलफर्ड वर्क, हॅरोल्ड ट्रॅपिडो आणि केंद्रातील त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी मृत माकडे, रुग्ण आणि गोचिडी यांच्यापासून विषाणू वेगळा केला. तो पीतज्वराचा नव्हता. रशियाच्या जंगलांत आढळणाऱ्या, गोचिडींमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूंशी त्याचे नाते होते. रोगवाहक डास नसून गोचीड आहे, हे कळताच शोधाची सारी दिशा बदलली. झाडांच्या शेंड्यांकडे लागलेले लक्ष जमिनीवरच्या पाल्याकडे वळले.

हा विषाणू भारतात आला कोठून, हा प्रश्न स्वाभाविक होता. उत्तरेकडून येणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींबरोबर तो आला असावा, अशी एक शक्यता मांडली गेली. ती तपासण्याच्या निमित्ताने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या प्रवासाचा मागोवा घेण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला. पक्ष्यांनी हा विषाणू आणल्याचे त्यातून सिद्ध झाले नाही. मात्र भारतातील पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासाचा पाया या कामाने घातला.

गोचिडीचे वर्षचक्र

पुढील अनेक वर्षे सागर व आसपासच्या तालुक्यांत संशोधकांनी जंगल पायाखाली घातले. पांढरे फडके जमिनीवरून ओढत नेऊन त्याला चिकटलेल्या गोचिडी मोजायच्या, त्यांची जात ओळखायची आणि त्यांच्यातील विषाणू तपासायचा, हे काम ऋतुमागून ऋतू चालले. कीटकशास्त्रज्ञ पी. के. राजगोपालन यांच्यासारख्या अभ्यासकांनी अशा क्षेत्रकार्यात उमेदीची वर्षे घालवली. त्यातून हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही प्रमुख रोगवाहक गोचीड आणि तिचे वर्षचक्र स्पष्ट झाले.

या गोचिडीच्या आयुष्यात अंड्यानंतर अळी, पिल्लू आणि प्रौढ अशा तीन अवस्था असतात. प्रत्येक अवस्थेत ती वेगळ्या प्राण्यावर चढते, रक्त पिते आणि जमिनीवर उतरून पुढच्या अवस्थेत जाते. प्रौढ गोचिडी प्रामुख्याने पावसाळ्यात सक्रिय असतात आणि गाई-म्हशी किंवा रानातील मोठ्या जनावरांचे रक्त पितात. रक्त पिऊन टम्म झालेली मादी जमिनीवर उतरते आणि पाल्याखाली मोठ्या संख्येने अंडी घालते. पावसाळ्यानंतर त्यांतून बाहेर पडणाऱ्या सहा पायांच्या अळ्या उंदीर, चिचुंद्री, पक्षी अशा लहान प्राण्यांवर पोसतात. माकडेही त्यांना वर्ज्य नसतात. नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत आठ पायांच्या पिल्लांचा काळ असतो. माकड आणि माणूस यांना चावते ती मुख्यतः ही पिल्लू अवस्था. अळीच्या अवस्थेत रक्ताबरोबर घेतलेला विषाणू कात टाकल्यानंतरही गोचिडीच्या शरीरात टिकून राहतो. म्हणूनच पिल्लाचा एक चावा पुरेसा ठरतो.

काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाची माकडे या विषाणूला लवकर बळी पडतात. आजारी माकडाच्या रक्तात विषाणूचे प्रमाण मोठे असते. ते मेले आणि त्याचे शरीर थंड पडू लागले की अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि तो जमिनीचा तुकडा विषाणूयुक्त गोचिडींनी भरून जातो. मेलेले माकड आढळल्यास त्याभोवती सुमारे ५० फूट परिघात कीटकनाशक वापरण्याची पद्धत याच निरीक्षणातून आली. माकडाचा मृत्यू म्हणजे गावाला मिळालेली आगाऊ सूचना असते. ती वेळेवर आरोग्य, वन किंवा पशुसंवर्धन विभागापर्यंत पोहोचली तर माणसांचे प्राण वाचू शकतात.

गाय आजारी पडत नाही, तरीही

या साखळीत गाय कोठे बसते, हा प्रश्न पशुपालकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. माकडतापाने गाय आजारी पडत नाही. तिच्या रक्तात विषाणूची वाढही इतकी होत नाही, की तिच्यापासून नव्या गोचिडींना लागण व्हावी. विषाणूच्या दृष्टीने गाय हा बंद रस्ता आहे. गोचिडीच्या दृष्टीने मात्र ती भरलेले ताट आहे. जंगलाच्या कडेला चरणारी जनावरे प्रौढ माद्यांना मुबलक रक्त पुरवतात आणि पुढच्या पिढीच्या गोचिडींची संख्या वाढवतात. गाय विषाणू वाढवत नाही, त्याचे वाहन वाढवते.

होर्हे बोशेल यांनी १९६९ मध्येच हा धागा मांडला होता. शेतीसाठी जंगल तोडले गेले, गुरे जंगलात चरू लागली आणि त्यांच्याबरोबर गोचिडी वाढल्या. जंगलात मर्यादित राहिलेले विषाणूचे चक्र अशा रीतीने माणसाच्या वाटेवर आले, असे त्यांचे प्रतिपादन होते. अलीकडे ब्रिटिश व भारतीय संस्थांच्या संयुक्त अभ्यासातही अशाच स्वरूपाचे निष्कर्ष हाती आले. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची बेंगळुरू येथील पशुरोग साथशास्त्र संस्था या प्रयत्नात सहभागी होती. सदाहरित जंगल आणि लागवडीखालील बागा एकमेकांत मिसळलेल्या आहेत आणि देशी गुरांची घनता अधिक आहे, अशा भागांत धोका जास्त असल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसून आले. थोडक्यात, धोका घनदाट जंगलाच्या पोटात जितका असतो, त्याहून जंगल आणि शेत यांच्या सीमेवर अधिक असतो. शेतकऱ्याचे रोजचे जगणे नेमके याच सीमेवर चालते.

काजूच्या वाटेने

पहिली काही दशके माकडताप शिमोगा आणि लगतच्या भागापुरता राहिला. १९८२ ते १९८४ या काळात दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळतंगडी तालुक्यात मोठी साथ आली. काजू लागवडीसाठी तेथील जंगल तोडले गेल्यानंतर ही साथ उद्भवली. रुग्णसंख्या हजाराच्या पुढे गेली. २०१२ मध्ये चामराजनगर जिल्ह्यात बंडीपूरच्या परिसरात, त्यानंतर केरळच्या वायनाडमध्ये आणि २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात रुग्ण आढळले. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग आणि पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यातही रोग पोहोचला.

गोवा आणि सिंधुदुर्गातील प्रसाराला काजूचे कॅलेंडर लागू पडते. काजूबी वेचण्याचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे असा असतो आणि गोचिडीच्या पिल्लांचा जोरही याच महिन्यांत असतो. झाडाखाली पडलेले बोंडू उचलायला वाकलेला हात, उघडे पाय आणि जमिनीवरचा पाला यांची गाठ येथे पडते. बोंडू खायला येणारी माकडेही तेथेच असतात. मजुरी बुडवून घरी बसणे या कुटुंबांना परवडणारे नसते. वर्षाचे रोख उत्पन्न ज्या चार महिन्यांत मिळते, धोकाही त्याच चार महिन्यांत असतो. ‘जंगलात जाऊ नका’ हा सल्ला म्हणूनच फार उपयोगी पडत नाही. जंगलात जाणाऱ्याला सुरक्षित कसे करायचे, हा खरा प्रश्न आहे.

रोगाचे स्वरूप गंभीर आहे. गोचीड चावल्यानंतर ३ ते ८ दिवसांत अचानक थंडी वाजून ताप येतो. तीव्र डोकेदुखी, असह्य स्नायूदुखी आणि उलट्या होतात. काही रुग्णांत रक्तस्राव होतो. सुमारे १० ते २० टक्के रुग्णांत ताप उतरून बरे वाटू लागल्यावर एक-दोन आठवड्यांनी आजार उलटतो आणि मेंदूशी संबंधित लक्षणे दिसतात. दगावण्याचे प्रमाण साधारण ३ ते ५ टक्के आहे. या विषाणूवर नेमके औषध नाही. वेळेवर रुग्णालयात दाखल होऊन मिळणारे आधारभूत उपचार हाच मार्ग उरतो. एका रुग्णापासून दुसऱ्याला हा आजार होत नाही, त्यामुळे रुग्णाला वाळीत टाकण्याचे काहीही कारण नाही.

तीन रोग, जनावराच्या तीन भूमिका

जानेवारी २०११ मध्ये अहमदाबाद जिल्ह्याच्या साणंद तालुक्यातील कोलाट गावात एका वेगळ्या तापाचा रुग्ण आढळला. पुण्याच्या संस्थेने त्याचे निदान क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप असे केले. भारतातील हे पहिले निश्चित निदान. उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका यांनाही लागण होऊन त्यांचा मृत्यू झाला. हा विषाणू हायलोमा जातीच्या गोचिडी वाहतात. येथे जनावराची भूमिका माकडतापाच्या अगदी उलट आहे. गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या बाहेरून निरोगी दिसतात, पण काही दिवस त्यांच्या रक्तात विषाणू फिरत असतो. गोचीड नखाने चिरडणारा पशुपालक, कत्तलखान्यातील कामगार आणि पशुवैद्यक हे सर्व धोक्यात येतात. पुढे देशातील अनेक राज्यांतील जनावरांच्या रक्तनमुन्यांत या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडली. म्हणजे हा प्रश्न एका गावापुरता मर्यादित नव्हता.

तिसरे उदाहरण डासांचे. जपानी मेंदूज्वराचा विषाणू वाहणारे क्युलेक्स डास भातखाचरांतील साचलेल्या पाण्यात वाढतात. विषाणूची वाढ होते ती डुकरांत आणि बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत. या डासांना गाई-म्हशींचे रक्त विशेष आवडते, परंतु गाईच्या शरीरात विषाणू पुरेसा वाढत नाही. त्यामुळे तिला झालेला दंश एका अर्थाने वाया जातो. उत्तर प्रदेशच्या गोरखपूर भागाने या रोगाची किंमत अनेक वर्षे बालकांच्या प्राणांनी मोजली. तेथील उपाय म्हणजे मुलांचे लसीकरण, डुकरांची वस्तीपासून दूर व्यवस्था आणि भातखाचरात पाणी सतत तुंबवून न ठेवता आलटूनपालटून पाणी देणे. या शेवटच्या पद्धतीने डासांच्या अळ्यांना वाढण्यास वेळ मिळत नाही आणि पाण्याचीही बचत होते.

एकच गाय एका रोगात वाहकाला पोसते, दुसऱ्यात स्वतः विषाणू बाळगते आणि तिसऱ्यात विषाणूची वाट अडवते. ‘जनावरांपासून रोग होतो’ असे सरसकट विधान म्हणूनच निरुपयोगी ठरते. प्रसंगी ते पशुपालकावर अन्यायही करते.

विषाणू की जिवाणू?

गोचिडी केवळ विषाणू वाहत नाहीत. रिकेट्सिया कोनोराय या जिवाणूमुळे होणारा गोचीडताप भारतात अनेक ठिकाणी आढळतो. त्यात तापाबरोबर अंगावर पुरळ येते आणि ते तळहात व तळपायांवरही दिसते. डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेवर डॉक्सिसायक्लिन सुरू केल्यास हा आजार बरा होतो. विषाणूजन्य माकडतापावर मात्र प्रतिजैविकांचा उपयोग नाही. जनावरांतही गोचिडींमुळे अ‍ॅनाप्लाझ्मा या जिवाणूचा संसर्ग होतो. त्यातून ताप, रक्तक्षय आणि दूध घटणे अशी लक्षणे दिसतात. म्हणून ताप आल्यावर डॉक्टरांना लक्षणांइतकीच गेल्या दोन आठवड्यांतील कामाची माहिती सांगणे महत्त्वाचे असते. रानात गेलो होतो, पाला वेचला, गोचीड चावली, जवळपास माकड मेलेले पाहिले, एवढी चार वाक्ये निदानाची दिशा बदलू शकतात.

लशीची मर्यादा

माकडतापावर फॉर्मेलिनने निष्क्रिय केलेल्या विषाणूची लस कर्नाटकात १९९० पासून वापरात होती. २००५ ते २०१० या काळातील माहितीच्या अभ्यासात दोन मात्रांनंतर सुमारे ६२ टक्के आणि वर्धक मात्रेनंतर सुमारे ८३ टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले. संरक्षण टिकवण्यासाठी वर्धक मात्रा पुनःपुन्हा घ्याव्या लागत. इंजेक्शनची जागा दुखत असल्याने अनेक जण पुढच्या मात्रा टाळत. लशीच्या परिणामकारकतेतील उणिवा लक्षात आल्यावर २०२२ मध्ये तिचा वापर थांबवण्यात आला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही कंपनी नव्या लशीवर काम करीत आहेत. ती सर्वांच्या हाती येईपर्यंत संरक्षणाचा भार गोचीड नियंत्रण आणि वैयक्तिक काळजी यांवरच आहे.

शेतकऱ्याने काय करावे?

वर्षचक्र समोर ठेवले तर उपायांचा क्रम आपोआप लागतो.

पावसाळ्यात: रानात चरणाऱ्या जनावरांवर प्रौढ गोचिडी चढतात त्या याच काळात. जानेवारीतील रोगाची बीजे जुलैमध्ये पडतात. या महिन्यांत कान, कास, मांड्यांचा आतील भाग आणि शेपटीखालची जागा नियमित तपासावी. गोचीडनाशक पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच आणि सांगितलेल्या प्रमाणातच वापरावे. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधांना गुरांवरील गोचिडी अनेक भागांत दाद देईनाशा झाल्या आहेत. कमी मात्रा आणि तेच ते औषध वारंवार वापरल्याने हा प्रतिकार वाढतो.

पावसाळ्यानंतर: गोठ्याच्या भिंतींतील भेगा बुजवाव्यात. रानातून आणलेला पाला घराच्या ओटीवर किंवा झोपण्याच्या जागेजवळ रचू नये. उंदरांचा बंदोबस्त करावा.

डिसेंबर ते मे: रानात किंवा काजूच्या बागेत जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब विजार आणि बूट घालावेत. विजारीचे टोक मोज्यांत खोचावे. आरोग्य विभाग वाटप करीत असलेले डेपा तेल हातापायांना लावावे. संरक्षण संशोधन व विकास संघटनेने विकसित केलेले हे गोचीड-प्रतिबंधक आहे. पाल्यावर थेट बसू किंवा झोपू नये. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत, साबणाने अंघोळ करावी आणि अंग नीट तपासावे. चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सावकाश, सरळ ओढून काढावी. ती बोटांनी चिरडू नये, तिच्यावर रॉकेल ओतू नये किंवा तिला चटका देऊ नये. मेलेल्या माकडाला हात न लावता ताबडतोब कळवावे. ताप आल्यास अंगावर काढू नये आणि रक्तस्रावाचा धोका असल्याने मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत.

माकडताप रोखण्याचे काम कोणत्याही एका खात्याचे नाही. माकडाचा मृत्यू वनरक्षकाला दिसतो, जनावरावरील गोचीड पशुवैद्यकाला दिसते आणि तापाचा रुग्ण आरोग्य केंद्रात येतो. या तिन्ही नोंदी एकाच आठवड्यात एकत्र आल्या, तर पुढच्या गावाला सावध करता येते. क्यासनूरच्या रानात पांढरे फडके ओढत फिरणाऱ्या संशोधकांनी साखळीतील कड्या दाखवून दिल्या आहेत. त्यांतील एक कडी शेतकऱ्याच्या स्वतःच्या गोठ्यात आहे आणि ती सैल करण्याचा काळ पाला वेचायला निघण्याच्या कितीतरी आधी, भर पावसाळ्यात, येतो.